कामांच्या यादीतील टॅग: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

व्यक्तिगत कामांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरविषयी आलेल्या पत्रांमध्ये या वेळी टॅगसंबंधीचे प्रश्न बरेच होते. काही ॲपमध्ये टॅगला ‘लेबल’ म्हणतात. नाव कोणतेही असले तरी कामाच्या नोंदीला जोडलेला आणि नंतर त्यावरून कामे वेगळी काढता येणारा शब्द, एवढाच त्याचा अर्थ आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न: मी घरून अनुवादाचे काम करते आणि सर्व कामांची नोंद टुडूइस्ट या ॲपमध्ये ठेवते. प्रत्येक कामाला लेबल लावायचेच, अशी शिस्त मी स्वतःला लावून घेतली. आज लेबलांची संख्या साठच्या पुढे गेली आहे आणि एकेका कामाला चार-पाच लेबले असतात. तरीही सकाळी कामाला बसल्यावर मी लेबलांकडे पाहतसुद्धा नाही. सगळी यादी वरपासून खालपर्यंत वाचते आणि मग ठरवते. नमुन्यादाखल एक नोंद देते: ‘औषधाच्या माहितीपत्रकातील मात्रांचे आकडे मूळ मजकुराशी पडताळणे’. लेबले: अनुवाद, वैद्यकीय, तपासणी, लॅपटॉप, महत्त्वाचे. यात माझे काय चुकते आहे?

उत्तर: आपण लेबले लावता, पण लेबलांवरून शोधत नाही, ही आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची माहिती आहे. काम नोंदवताना त्याचे सगळे तपशील डोळ्यांसमोर असतात, त्यामुळे हे काम कशाविषयी आहे, कोणत्या यंत्रावर करायचे आहे, कितपत मोठे आहे, असे जे जे सुचेल ते लेबल म्हणून चिकटवण्याचा मोह होतो. लेबलाचा उपयोग मात्र त्या क्षणी नसतो. तो काही दिवसांनी, हाताशी थोडा वेळ असताना आणि ‘आता यांतले काय करता येईल’ असा प्रश्न पडलेला असताना होतो. त्या वेळी आपण जो प्रश्न विचारणार आहोत त्याचे उत्तर देणारे लेबल ठेवावे. जे केवळ कामाचे वर्णन करते ते काढावे.

आपलीच नोंद या कसोटीवर तपासून पाहू. आपली जवळपास सर्वच कामे अनुवादाची असणार. जे लेबल प्रत्येक कामाला लागते ते कशालाच वेगळे काढत नाही, म्हणून ‘अनुवाद’ नको. ‘वैद्यकीय’ ही माहिती ज्या प्रकल्पात हे काम आहे त्या प्रकल्पाच्या नावातच असते. आणि ‘आज मला वैद्यकीय काहीतरी करायचे आहे’ असे म्हणत आपण कामाला बसत नाही. ‘लॅपटॉप’ हे लेबलही ‘अनुवाद’सारखेच सर्वव्यापी आहे. ‘महत्त्वाचे’ या लेबलाविषयी पुढे एका उत्तरात लिहिले आहे. राहिले ‘तपासणी’, आणि ते मात्र ठेवण्यासारखे आहे. आकडे पडताळण्याला जे अवधान लागते ते मसुदा लिहिण्याच्या अवधानापेक्षा वेगळे असते. दोन-तीन वेगवेगळ्या प्रकल्पांतील पडताळणीची कामे एका बैठकीत उरकली, तर डोळा आणि हात त्या कामाला सरावतात. शिवाय ही कामे निरनिराळ्या प्रकल्पांत विखुरलेली असल्यामुळे लेबलाशिवाय ती एकत्र दिसण्याचा दुसरा सोपा मार्ग नाही. पाच लेबलांपैकी एक उरले, आणि माझ्या मते हे प्रमाण आपल्या सबंध यादीला लागू पडेल.

आता त्या लेबलासाठी एक फिल्टर, म्हणजे जतन केलेली शोधाची अट, तयार करून ठेवावा. टुडूइस्टच्या फिल्टरमध्ये & म्हणजे दोन्ही अटी लागू, | म्हणजे दोहोंपैकी कोणतीही एक आणि ! म्हणजे ती अट वगळून, असा अर्थ होतो; लेबलाच्या नावाआधी @ लिहितात. ‘@तपासणी & !@प्रतीक्षा’ असे लिहिले की पडताळणीची, पण कोणाच्या उत्तरासाठी अडून न राहिलेली कामे समोर येतात. हा फिल्टर आवडत्यांमध्ये ठेवला म्हणजे तो रोज नजरेसमोर राहतो. ज्या लेबलासाठी असा एकही फिल्टर करावासा वाटत नाही, ते लेबल केवळ सजावट आहे असे खुशाल समजावे.

आपण यादी वरून खाली वाचता याचे आणखी एक कारण आहे, आणि ते लेबलांच्या संख्येशी निगडित आहे. साठ लेबलांतून योग्य ती निवडणे प्रत्येक वेळी जमत नाही. घाईत नोंदवलेल्या कामाला काही लेबले राहून जातात. फोन करण्याच्या दहा कामांपैकी सहांनाच ‘फोन’ हे लेबल असेल, तर तो फिल्टर उघडल्यावर उरलेली चार कामे दिसणार नाहीत. असे एक-दोनदा अनुभवास आले की मन त्या फिल्टरवर विसंबणे सोडून देते आणि पुन्हा सगळी यादी वाचू लागते. म्हणजे अर्धवट लावलेले लेबल हे न लावलेल्या लेबलापेक्षा अधिक त्रासदायक ठरते, कारण ते लावण्याचे श्रम तर होतातच आणि भरवसाही मिळत नाही. किती लेबले असावीत याचा ठरावीक आकडा सांगता येणार नाही, परंतु लेबलांची यादी न उघडता जेवढी आठवतात तेवढीच नेमाने लावली जातात, हा अंदाज सहसा चुकत नाही.

साफसफाई एका दिवसात करण्याची गरज नाही. लेबल पुसले तरी कामे जागच्या जागी राहतात, एवढे लक्षात ठेवून, प्रथम ज्यांच्यावरून एकदाही शोध घेतलेला नाही अशी लेबले काढावीत. ‘तपासणी’, ‘पडताळणी’ आणि ‘फेरवाचन’ अशी एकाच अर्थाची भावंडे सापडतील. त्यांतील एक ठेवून बाकीच्यांची कामे त्याखाली आणावीत. नवे लेबल सुचले तर ते लगेच तयार करू नये. त्या प्रकारची कामे एकत्र पाहण्याची गरज खरोखर भासली, आणि ती पुन्हा भासली, की मग करावे.

प्रश्न: मी शाळेत विज्ञान शिकवतो. ‘शाळा’, ‘घर’, ‘प्रयोगशाळा’, ‘विज्ञान प्रदर्शन’, ‘पालकभेट’ यांपैकी कशाची स्वतंत्र यादी करावी आणि कशाचा टॅग करावा, याचा माझा गोंधळ होतो. कधी मी दोन्ही करतो. याचा काही नियम आहे का?

उत्तर: नियम सांगण्यापूर्वी या दोहोंतील मूळ फरक पाहू. ग्रंथालयात पुस्तकाची प्रत फळीवर एकाच जागी ठेवता येते, परंतु तिची नोंद लेखकाच्या, शीर्षकाच्या आणि विषयाच्या अशा अनेक तालिकापत्रांवर असू शकते. यादी किंवा प्रकल्प ही फळीवरची जागा आहे आणि टॅग हे तालिकापत्र. ईमेलच्या जगात हा फरक सर्वसामान्यांना ठळकपणे दिसला तो २००४ साली सुरू झालेल्या जीमेलमुळे. तेथे पत्र एका कप्प्यात टाकण्याऐवजी त्याला हवी तेवढी लेबले लावण्याची सोय होती. कामांच्या सॉफ्टवेअरमध्ये बहुधा दोन्ही सोयी शेजारी-शेजारी असतात, आणि आपल्यासारखा गोंधळ तेथूनच सुरू होतो.

आपल्या पाच शब्दांपैकी ‘विज्ञान प्रदर्शन’ हा निःसंशय प्रकल्प आहे: त्याला शेवट आहे, आणि प्रदर्शन पार पडले की त्यातील सगळी कामे एकदमच संपणार आहेत. जो टॅग एखादी घटना संपताच कायमचा रिकामा होईल तो प्रकल्प असायला हवा होता, असे समजावे. ‘शाळा’ आणि ‘घर’ ही आयुष्याची क्षेत्रे आहेत. ती संपत नाहीत, परंतु एक काम सहसा एकाच क्षेत्रात मोडते. म्हणून त्यांच्याही याद्या किंवा विभाग करावेत. ‘प्रयोगशाळा’ आणि ‘पालकभेट’ मात्र आडवे छेद देतात. प्रदर्शनासाठीची उपकरणे तपासणे, पुढच्या आठवड्यातील प्रयोगाची रसायने मोजून ठेवणे आणि फुटलेल्या चंचुपात्रांची नोंद करणे ही कामे तीन निरनिराळ्या याद्यांतली असली, तरी प्रयोगशाळेचे कुलूप उघडल्यावर ती तिन्ही एकत्र दिसायला हवीत. हेच टॅगचे क्षेत्र आहे. ‘पालकभेट’चेही तसेच, एखाद्या विद्यार्थ्याविषयी सांगायची गोष्ट कोणत्याही यादीत नोंदलेली असली, तरी पालक समोर बसल्यावर ती सापडली पाहिजे.

दोन्ही करण्याची आपली सवय मात्र सोडावी. ‘शाळा’ या यादीतल्या प्रत्येक कामाला ‘शाळा’ हाच टॅग लावणे हे दुप्पट काम आहे, आणि काही सॉफ्टवेअरमध्ये ते आपोआप होते. थिंग्ज या ॲपमध्ये विभागाला किंवा प्रकल्पाला टॅग लावला की त्यातील सर्व कामांना तो वारशाने मिळतो. संगणकावर साध्या मजकुरात नोंदी ठेवणाऱ्यांच्या आवडीच्या ऑर्ग-मोडमध्येही वरच्या मथळ्याचा टॅग खालच्या सर्व नोंदींना लागू होतो. आपण जे सॉफ्टवेअर वापरता त्यात असा वारसा आहे की नाही हे एकदा पाहून घ्यावे.

जाता जाता एक उल्लेख करावासा वाटतो. एकाच वस्तूचे निरनिराळ्या पैलूंनी वर्गीकरण करण्याचा विचार ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या द्विबिंदू वर्गीकरण या ग्रंथांच्या वर्गीकरण पद्धतीत अतिशय काटेकोरपणे मांडला होता. त्यांनी विषयाचे पाच मूलभूत पैलू मानले, आणि त्यांत स्थळ आणि काळ हेही होते. टॅगची रचना करताना हा विचार कामाला येतो. ‘कोठे’, ‘कोणाबरोबर’, ‘कोणत्या मनःस्थितीत’ हे वेगळे पैलू आहेत, आणि एका पैलूतून एका कामाला सहसा एकच टॅग लागायला हवा. ‘प्रयोगशाळा’ आणि ‘घर’ असे दोन्ही टॅग एकाच कामाला लागत असतील, तर बहुधा ती दोन कामे आहेत आणि त्यांची नोंद वेगवेगळी केली पाहिजे. ऑर्ग-मोडमध्ये तर टॅगचा असा गट महिरपी कंसात लिहिला की त्यातील एक निवडताच दुसरा आपोआप निघून जातो.

प्रश्न: डेव्हिड ॲलन यांच्या ‘गेटिंग थिंग्ज डन’ या कार्यपद्धतीप्रमाणे मी ‘संगणक’, ‘फोन’, ‘ऑनलाइन’, ‘बाहेर’ असे संदर्भदर्शक, म्हणजे काम कोठे किंवा कशाच्या साहाय्याने करता येईल ते सांगणारे, टॅग ठेवले आहेत. परंतु माझ्या बहुतेक कामांना पहिले तिन्ही टॅग लागू होतात. ही पद्धत कालबाह्य झाली आहे का?

उत्तर: पद्धत कालबाह्य झालेली नाही, ते विशिष्ट टॅग झाले आहेत. ॲलन यांनी ही पद्धत २००१ साली पुस्तकरूपाने मांडली, तेव्हा संगणक एका टेबलावर असे आणि इंटरनेट त्या टेबलापाशीच मिळे. ‘ऑनलाइन’ ही तेव्हा खरोखरच एक जागा होती. आता फोन, संगणक आणि इंटरनेट हे तिन्ही एकाच खिशात आल्यावर त्या टॅगमधली अडवण्याची ताकद संपली. संदर्भदर्शक टॅगचे काम ‘येथे हे करता येणार नाही’ असे सांगून यादी लहान करणे हे असते. जो टॅग काहीच वगळत नाही तो काढून टाकण्यात पद्धतीशी प्रतारणा होत नाही.

आज जे अडथळे खरे आहेत त्यांचे टॅग करावेत. ‘बाहेर’ हा अजूनही खरा अडथळा आहे. घरात बसून ती कामे होत नाहीत. ज्यांच्याशी आठवड्यातून एकदा तरी बैठक होते अशा मोजक्या व्यक्तींच्या नावाचे टॅग फार उपयोगी पडतात, कारण बैठकीला बसण्यापूर्वी तो एक टॅग उघडला की बोलायचे सगळे मुद्दे समोर येतात. ‘फोन’ हा टॅगही ठेवता येईल, पण यंत्र म्हणून नव्हे: बोलण्यासाठी शांत जागा लागते, समोरच्याच्या कामाच्या वेळा पाळाव्या लागतात आणि बोलण्याची तयारी असावी लागते. त्याचे नाव ‘बोलणे’ असे ठेवले तर मजकूर पाठवून होणारी कामे त्यात घुसणार नाहीत.

काम निवडताना संदर्भ, हाती असलेला वेळ, अंगात उरलेली शक्ती आणि प्राधान्य असे चार निकष ॲलन सांगतात. यांवरून अनेकजण ‘१५ मिनिटे’, ‘३० मिनिटे’, ‘१ तास’ आणि त्याबरोबर ‘जास्त शक्ती’, ‘मध्यम शक्ती’, ‘कमी शक्ती’ अशी टॅगांची पलटण उभी करतात. मला ती अनावश्यक वाटते. कामाला लागणाऱ्या वेळेचा आपला अंदाज, विशेषतः मोठ्या कामांबाबत, इतका कच्चा असतो की ३० आणि ६० मिनिटांतला फरक कागदावरच राहतो. अतिशय लहान कामांसाठी ‘चुटकीसरशी’ आणि दमल्यावरही करता येतील अशा कामांसाठी ‘दमल्यावर’, एवढे दोन टॅग पुरेसे आहेत. ज्यांना यांपैकी काहीच नाही ती कामे ताज्या डोक्याने करायची, हे न लिहिताच कळते. प्रत्येक पैलूची प्रत्येक पायरी नोंदवण्यापेक्षा केवळ अपवादाला टॅग लावणे श्रम वाचवणारे असते.

एका कामाला किती संदर्भ असावेत, हाही प्रश्न जुना आहे. ओम्नीफोकस या ॲपमध्ये पूर्वी प्रत्येक कामाला एकच संदर्भ देता येत असे. २०१८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत संदर्भांची जागा टॅगने घेतली आणि एकापेक्षा अधिक टॅग लावता येऊ लागले. सोय चांगली झाली, पण ‘यांतला निर्णायक कोणता’ हा विचार करण्याची सक्ती मात्र गेली. आपल्याला तीन टॅग लागू होतात असे वाटते तेव्हा, एकच लावण्याची मुभा असती तर कोणता लावला असता, असे स्वतःला विचारावे. बहुतेक वेळा तो एकच पुरेसा असतो.

प्रश्न: मी एका लहान संस्थेचे वार्षिक प्रकाशन सांभाळते. माझ्या यादीतील बरीचशी कामे कोणाच्या तरी उत्तराअभावी अडलेली असतात. ‘प्रतीक्षा’ असा टॅग मी केला आहे, पण त्यात गेलेली कामे विसरली जातात आणि अगदी शेवटी आठवतात.

उत्तर: ‘प्रतीक्षा’ हा टॅग आपल्या यादीतील सर्वांत मोलाचा टॅग आहे, परंतु तो इतर टॅगसारखा वागत नाही. इतर टॅग कामाचा स्वभाव सांगतात आणि तो सहसा बदलत नाही. हा टॅग कामाची आजची अवस्था सांगतो, आणि अवस्था बदलते. त्यामुळे तो लावण्याइतकेच वेळेवर काढण्याला महत्त्व आहे, आणि तो आठवणीच्या भरवशावर सोडला तर जुनी, खोटी झालेली कामे त्याखाली साचत जातात.

पहिली दुरुस्ती नोंदीच्या मजकुरात करावी. ‘मुखपृष्ठ’ एवढीच नोंद आणि पुढे ‘प्रतीक्षा’ असे असेल, तर कशाची आणि कोणाची प्रतीक्षा हे आठ दिवसांनी आपल्यालाच सांगता येणार नाही. त्याऐवजी नोंद अशी असावी: ‘मुखपृष्ठाचे दोन पर्याय चित्रकाराकडून येणे, ४ तारखेला ईमेलने मागितले’. काय यायचे आहे, कोणाकडून आणि कधी मागितले, या तीन गोष्टी त्यात असल्या की स्मरणपत्र लिहिताना जुनी ईमेल धुंडाळावी लागत नाहीत. दुसरी दुरुस्ती तारखेची. समोरच्याने ज्या दिवसाचे आश्वासन दिले असेल तो दिवस मुदत म्हणून टाकण्यापेक्षा, आपण स्वतः ज्या दिवशी पुन्हा विचारणार आहात तो दिवस टाकावा. पर्याय १० तारखेला येणार असतील, तर नोंदीला ११ तारीख असावी. त्या दिवशी ते काम आजच्या यादीत वर येते, आणि येते तेव्हा आपल्याला करता येण्याजोगे काहीतरी, म्हणजे एक फोन किंवा चार ओळींचे पत्र, घेऊन येते. तोपर्यंत ते दृष्टीआड राहिले तरी चालते.

दृष्टीआड ठेवण्याच्या तऱ्हा सॉफ्टवेअरनुसार बदलतात. ओम्नीफोकसमध्ये एखादा टॅगच ‘स्थगित’ अवस्थेत ठेवता येतो, आणि मग तो लावलेली कामे उपलब्ध कामांच्या यादीतून आपोआप बाजूला होतात. टास्कवॉरियर या सॉफ्टवेअरमध्ये कामाला प्रतीक्षेची तारीख देता येते व तोवर ते नेहमीच्या यादीत दिसत नाही. टुडूइस्टमध्ये आधी सांगितल्याप्रमाणे ! हे चिन्ह वापरून फिल्टरमधून वगळता येते. याखेरीज, आठवड्यातून एकदा केवळ ‘प्रतीक्षा’ हा टॅग उघडून वरून खाली वाचावा. ज्याचे उत्तर आलेले आहे पण टॅग काढायचा राहिला आहे, अशी एक-दोन कामे हमखास सापडतात, आणि ज्यांची आता गरजच उरलेली नाही अशीही.

प्रत्येक व्यक्तीसाठी ‘प्रतीक्षा-चित्रकार’, ‘प्रतीक्षा-मुद्रक’ असे वेगळे टॅग करू नयेत. व्यक्तीचे नाव मजकुरात आहे आणि मजकुराचा शोध बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये घेता येतो.

प्रश्न: ‘महत्त्वाचे’ आणि ‘तातडीचे’ असे दोन टॅग केले, तर कामांचा प्राधान्यक्रम आपोआप लागेल का?

उत्तर: नाही. महिनाभरात निम्म्या यादीला ‘महत्त्वाचे’ लागलेले असेल, कारण ज्याला महत्त्व नाही असे काम मुळात कोणी नोंदवतच नाही. तातडी ही तर मुदतीच्या तारखेवरून ठरते आणि तारीख सॉफ्टवेअरला माहीत असते; जे यंत्राला मोजता येते त्याचा टॅग हाताने लावू नये. टास्कवॉरियरमध्ये मुदत टळलेल्या किंवा दुसऱ्या कामामुळे अडलेल्या कामांसाठी आभासी टॅग असतात, जे कामाची स्थिती पाहून आपोआप लागतात आणि उतरतात. प्राधान्यासाठी बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये वेगळा रकाना असतो, तो वापरावा. टॅगच हवा असेल तर ‘या आठवड्यात’ असा एक ठेवावा आणि साप्ताहिक आढाव्याच्या वेळी तो सर्व कामांवरून काढून पुन्हा नव्याने लावावा. दर आठवड्याला कोरा होतो म्हणूनच तो खरा राहतो.

प्रश्न: टॅग मराठीत लिहावेत की इंग्रजीत? मराठीत लिहिल्यावर माझ्याकडे एकच टॅग दोनदा दिसू लागला. ‘दुसऱ्यांकडे’ हा शब्द दोन्ही ठिकाणी हुबेहूब सारखा दिसतो, तरी एकात ९ कामे आहेत आणि दुसऱ्यात ३.

उत्तर: ज्या लिपीत आपण कामे लिहिता त्याच लिपीत टॅग लिहावेत. टॅगपुरता कळफलक बदलावा लागला तर तेवढ्या अडचणीमुळेही टॅग लावायचा राहून जातो.

दोनदा दिसणाऱ्या टॅगचे कारण मात्र रंजक आहे. ‘ऱ्या’ हे जोडाक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत, दोन रीतींनी लिहिले जाते. एका रीतीत नुक्ता असलेला ‘ऱ’, हलन्त आणि ‘य’ येतात. दुसरीत साधा ‘र’, हलन्त, त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे शून्य रुंदीचे जोडचिन्ह आणि मग ‘य’. पडद्यावर दोन्हींचे रूप एकसारखे उमटते, परंतु संगणकाच्या दृष्टीने ते वेगळे शब्द असतात. आपण फोनवर एका कळफलकाने आणि संगणकावर दुसऱ्याने लिहीत असाल, तर नेमके हेच घडले असणार. दोहोंपैकी एका टॅगची कामे दुसऱ्यात हलवून रिकामा टॅग पुसून टाकावा आणि पुढे टॅग पूर्ण टंकित न करता, पहिली दोन अक्षरे लिहून खाली सुचवलेल्या नावांतून निवडावा. या विशिष्ट टॅगचे नाव ‘प्रतीक्षा’ असे बदलले तर तो प्रश्नच मिटेल.

अशी न दिसणारी फूट क्वचितच पडते. दिसणारी फूट मात्र नेहमीची आहे. ‘ईमेल’, ‘इमेल’ आणि ‘ई-मेल’, ‘मीटिंग’ आणि ‘मिटिंग’, एकवचन आणि अनेकवचन, असे एकाच टॅगचे तीन तुकडे सहज होतात. टॅगसाठी ज्यांच्या लेखनाविषयी मनात शंका येत नाही असे छोटे शब्द निवडावेत, आणि नामे वापरायची की क्रियापदे हे एकदाच ठरवावे. दोन शब्दांचा टॅग करावा लागला तर मध्ये जागा सोडण्याऐवजी जोडरेषा द्यावी, कारण जागा आली की टॅग तेथेच संपला असे अनेक ॲप समजतात.

प्रश्न: माझ्या ॲपमध्ये टॅगची सोयच नाही. केवळ तेवढ्यासाठी ॲप बदलावे का? आणि बदलले तर पुढे दुसरीकडे जाताना टॅग बरोबर नेता येतात का?

उत्तर: तीस-चाळीस कामे असतील तर बदलू नये, तेवढी यादी एका नजरेत वाचून होते आणि टॅगचा लाभ जाणवणार नाही. कामे त्याहून बरीच अधिक असतील आणि ती अनेक याद्यांत विखुरलेली असतील, तरच विचार करावा. त्याआधी आहे त्यातच एक प्रयोग करता येईल: कामाच्या शीर्षकाच्या शेवटी #बोलणे किंवा #बाहेर असे लिहावे आणि तो शब्द शोधून पाहावा. मायक्रोसॉफ्ट टू डूमध्ये शीर्षकात असे लिहिलेला शब्द दाबताच तो असलेली सर्व कामे दिसतात. ॲपलच्या रिमाइंडर्समध्ये २०२१ सालच्या आयओएस १५ पासून टॅग आणि त्यांवर आधारित स्मार्ट याद्या आल्या आहेत, त्यामुळे ॲपलची उपकरणे वापरणाऱ्यांनी नवे काही घेण्याआधी आपल्या फोनवरची आवृत्ती पाहावी. गूगल टास्क्सवर मात्र याद्यांवरच भागवावे लागते.

टॅग बरोबर नेण्याच्या बाबतीत सर्वांत निर्धास्त असतात ते साध्या मजकुराच्या फाइलमध्ये यादी ठेवणारे. जीना ट्रपानी यांनी २००६ साली सुरू केलेल्या टुडू.टीएक्सटी या पद्धतीत प्रकल्पापुढे + आणि संदर्भापुढे @ हे चिन्ह लावून सगळे एकाच ओळीत लिहिले जाते, त्यामुळे टॅग मजकुरापासून वेगळा पडतच नाही. इतर ॲपमधून बाहेर पडताना कामांचे शीर्षक आणि तारीख बहुधा नीट येतात, पण टॅगची एकमेकांखालची रचना, वारशाने मिळालेले टॅग आणि जतन केलेले फिल्टर येतीलच असे नाही. म्हणून सगळी यादी हलवण्यापूर्वी पाच-सहा कामांची एक चाचणी यादी करावी. तिच्यात एका कामाला दोन टॅग, एकाला प्रकल्पाकडून आलेला टॅग आणि एकाला मराठीत जोडरेषा असलेला टॅग ठेवावा, आणि ती नव्या ॲपमध्ये कशी उतरते ते पाहावे. फिल्टर तर नव्या जागी हातानेच पुन्हा लिहावे लागतील असे धरून, जुन्या ॲपमधील त्यांच्या अटी आधीच एका कागदावर उतरवून ठेवाव्यात.